मुलाला सरळ विचारायचे कसे, आणि विचारल्यानंतर करायचे काय: तरुणांमधील आत्महत्या रोखण्यासाठी मार्गदर्शक

हा लेख आईवडील, शिक्षक, वसतिगृहांचे रेक्टर, क्लासचालक आणि एकाच खोलीत राहणारे मित्र यांच्यासाठी लिहिला आहे. एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या मनात जीव देण्याचा विचार घोळत असल्याची शंका आल्यापासून ते मूल प्रत्यक्ष डॉक्टरांसमोर बसेपर्यंत काही तास जातात, कधी काही दिवसही जातात. त्या काळात तज्ज्ञ जवळ नसतो. वडील, मावशी, वर्गशिक्षिका किंवा रूम पार्टनर मात्र असतात. त्यांनी काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे, हे येथे सांगायचे आहे.

धोका याच क्षणी असेल तर पुढचे वाचत बसू नका. मुलाला एकटे सोडू नका आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करा. त्याने काही घेतले असल्याची शंका असेल तर उलटी करवू नका, मिठाचे पाणी पाजू नका. जवळ सापडलेली बाटली किंवा पाकीट सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांपासून काहीही लपवू नका. मनात असे विचार येणारे तुम्ही स्वतःच हे वाचत असाल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा, क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. तो फोन करा आणि घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या माणसाला आत्ताच आपल्याजवळ येऊन बसायला सांगा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात आत्महत्येने १,७०,९२४ मृत्यू झाले आणि त्यांपैकी १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यांमध्ये सर्वाधिक नोंदी महाराष्ट्रातल्या होत्या. त्याच वर्षी ‘परीक्षेतील अपयश’ हे कारण लिहिलेले मृत्यू २,२४८ होते. म्हणजे निकालाच्या दिवसांत सगळ्यांचे लक्ष ज्या कारणाकडे असते, ते एकूण चित्राचा एक भाग आहे. घरातली भांडणे, प्रेमप्रकरणावरून झालेली मारहाण, मनाविरुद्ध ठरवलेले लग्न, लैंगिक अत्याचार, जातीवरून किंवा दिसण्यावरून होणारी हेटाळणी, न ओळखलेले नैराश्य आणि दारू यांपैकी दोनतीन गोष्टी बहुतेक वेळा एकत्र आलेल्या असतात. पोलिसांच्या रकान्यात मात्र एकच कारण मावते. म्हणून ‘आमच्याकडे अभ्यासाचा दबाव नाही’ एवढ्यावर कोणत्याही पालकाने निर्धास्त राहू नये.

पहिली पायरी: बदल ओळखणे

एका दिवसाच्या रुसव्यावरून काही कळत नाही. दोन आठवड्यांपूर्वीचा मुलगा आणि आजचा मुलगा यांत काय फरक पडला आहे, ते पाहावे. झोप उडणे किंवा दिवसभर झोपून राहणे, जेवण कमी होणे, आंघोळीचा आणि कपड्यांचा कंटाळा, क्रिकेटचा ग्रुप अचानक सोडणे, आवडत्या विषयाची वहीसुद्धा न उघडणे, या गोष्टी एकत्र दिसू लागल्या तर थांबून विचार करावा. मुलग्यांमध्ये नैराश्य अनेकदा रडण्यातून दिसत नाही. ते चिडचिड, दारे आपटणे, गाडी बेफाम चालवणे आणि व्यसन यांतून दिसते, आणि घरचे त्याला ‘हाताबाहेर गेला’ असे म्हणून मोकळे होतात.

बोलण्याकडे विशेष लक्ष असावे. ‘मी नसतो तर तुमचे पैसे तरी वाचले असते’, ‘आता कशालाच अर्थ नाही’, ‘थोडे दिवस त्रास होईल तुम्हाला, मग होईल सवय’ अशी वाक्ये थट्टेच्या सुरात आली तरी ती कानाआड करू नयेत. जो बोलतो तो करत नाही, ही समजूत धोक्याची आहे. जीव गमावलेल्यांपैकी पुष्कळांनी आधी कोणाला तरी काही सुचवलेले असते. आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, जुन्या मित्रांना रात्री उशिरा माफी मागणारे संदेश पाठवणे, अंगावर स्वतः केलेल्या जखमांच्या खुणा असणे आणि आधी कधी जीव देण्याचा प्रयत्न केलेला असणे, ही त्याहून गंभीर लक्षणे आहेत. कित्येक दिवस अस्वस्थ असलेला मुलगा काही कारण नसताना एकाएकी शांत आणि मोकळा झाला, तर त्याला बरे वाटू लागले असे लगेच धरून चालू नका. कधीकधी मनाशी निर्णय झाल्यामुळे ती शांतता आलेली असते.

दुसरी पायरी: सरळ विचारणे

येथेच सर्वाधिक माणसे अडतात. विचारले तर नसलेली कल्पना त्याच्या डोक्यात भरवल्यासारखे होईल, अशी भीती बहुतेकांना वाटते. ही भीती निराधार आहे. २००५ साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात शाळकरी मुलांच्या मोठ्या गटावर हेच तपासून पाहिले गेले. आत्महत्येविषयीचे प्रश्न विचारलेल्या मुलांमध्ये त्यामुळे असे विचार वाढले नाहीत, आणि जी मुले आधीच खचलेली होती त्यांचा ताण उलट थोडा कमी आढळला. ज्याच्या मनात विचार नाही तो ‘छे, असं काही नाही’ म्हणतो आणि विषय संपतो. ज्याच्या मनात आहे त्याला, अखेर कोणीतरी हे तोंडाने बोलले, याचा आधार वाटतो.

जागा निवडताना घरातली बैठक आणि शेजारी असलेले पाहुणे टाळावेत. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसून, सोबत चालताना किंवा जेवणानंतर गच्चीवर बोलणे मुलांना सोपे जाते, कारण डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. फोन बाजूला ठेवावा आणि हाताशी किमान तासभर मोकळा असावा. घरात ज्याच्याशी मुलाचे जमते त्यानेच विचारावे. ते वडीलच असले पाहिजेत असे नाही. मामा, आत्या, मोठी बहीण किंवा जुने सर अधिक योग्य असू शकतात.

सुरुवात आपल्याला जे दिसले तेथून करावी आणि मग मुख्य प्रश्न आडवळण न घेता विचारावा. लातूरला नीटच्या रिपीटर बॅचमध्ये असलेला मुलगा सुटीत घरी आला आहे आणि रात्री आई त्याच्याजवळ बसली आहे असे समजू. ती म्हणू शकेल:

‘अरे, आल्यापासून बघतेय, तू नीट जेवत नाहीस, रात्रभर जागा असतोस. परवा तू म्हणालास, मी नसतो तर बरं झालं असतं. ते माझ्या मनातून जात नाहीये. तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’

मुलगा बराच वेळ गप्प राहील. त्या शांततेत आईने काही बोलू नये. तो म्हणेल, ‘येतात कधी कधी. पण तू पप्पांना सांगू नकोस.’ तेव्हा तिने म्हणावे, ‘मला सांगितलंस हे फार बरं केलंस. मी तुझ्यावर चिडलेली नाही. कधीपासून येतात रे?’ आणि गुप्ततेबद्दल: ‘गावभर काही होणार नाही, पण तुझा जीव वाचवायला जे एकदोघं लागतील त्यांना मी सांगणार. कोणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.’

कोणालाही सांगणार नाही, असे वचन कधीही देऊ नये. ते पाळले तर जीव धोक्यात येतो आणि मोडले तर विश्वास जातो.

काय बोलू नये हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ‘आम्ही तुझ्यासाठी काय काय केलं’, ‘आईचा तरी विचार कर’, ‘आमच्या वेळी आम्ही काय कमी सोसलं’, ‘असं करणारे भेकड असतात’ ही वाक्ये प्रेमापोटी येतात, हे मला माहीत आहे, परंतु स्वतःला आधीच घरावरचे ओझे समजणाऱ्या मुलाला त्यांतून त्याचे ओझेपणच पुन्हा ऐकू येते. डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावणेही टाळावे; शपथेमुळे विचार थांबत नाहीत, फक्त ते सांगणे थांबते. उपाय सुचवण्याची घाई करू नये. पहिल्या अर्ध्या तासात आपण ऐकायचे आणि त्याचे शब्द परत उच्चारून दाखवायचे, म्हणजे त्याला आपण समजून घेतले हे कळते.

तिसरी पायरी: धोका किती जवळ आहे ते पाहणे

मुलगा हो म्हणाला की शांत आवाजात आणखी काही गोष्टी विचाराव्यात. विचार फक्त येऊन जातात, की कसे करायचे हेही ठरवले आहे? त्यासाठी लागणारे काही जवळ आहे का? वेळ किंवा दिवस मनात आहे का? पूर्वी कधी प्रयत्न केला होता का? तो दारू किंवा दुसरी कोणती नशा करतो आहे का?

झोपलो आणि उठलोच नाही तर बरे, एवढाच अस्पष्ट विचार असेल तर एकदोन दिवसांत डॉक्टरांची भेट ठरवावी आणि तोपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवावे. पद्धत ठरलेली असेल, साधन हाताशी असेल किंवा आधीचा प्रयत्न झालेला असेल, तर त्याच दिवशी त्याला रुग्णालयात न्यावे, मग रात्रीचे बारा वाजलेले असोत. या दोन टोकांच्या मध्ये कोठे आहोत ते ठरत नसेल तर अधिक धोका आहे असे धरून चालावे. वर्गीकरण अचूक करणे हे घरच्यांचे काम नाही, आणि १४४१६ वरचा समुपदेशक हे ठरवायला पालकांनाही मदत करतो.

चौथी पायरी: सोबत आणि सुरक्षित घर

जीव देण्याची तीव्र ऊर्मी बहुधा लाटेसारखी येते आणि ओसरते. अनेकांमध्ये ती काही मिनिटे किंवा काही तासच टिकते. त्या वेळात धोकादायक वस्तू हाताशी नसली तर बहुतेक जीव वाचतात. एक मार्ग बंद केला की माणूस दुसरा शोधतोच, असे लोक ठामपणे सांगतात, पण श्रीलंकेचा अनुभव याच्या विरुद्ध आहे. तेथे सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत त्या देशातले आत्महत्येचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आले.

म्हणून शेतीची औषधे राहत्या घरात, माळ्यावर किंवा गोठ्यात ठेवू नयेत. गरजेपुरतीच आणावीत, उरलेली दुसऱ्या जागी कुलूपबंद पेटीत ठेवावीत आणि किल्ली घरातल्या एकाच जबाबदार माणसाकडे किंवा भावकीतल्या विश्वासू व्यक्तीकडे द्यावी. आजीच्या रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांसह घरातली सगळी औषधे कुलपात ठेवावीत. मुलाने विचार केलेल्या पद्धतीशी संबंधित जे काही असेल ते दूर करावे, आणि हे त्याच्यापासून लपवून करण्याची गरज नाही. ‘थोडे दिवस हे आपण घरात ठेवायचं नाही’ असे सरळ सांगितले तर बहुतेक मुले ते मान्य करतात.

पहिले काही दिवस रात्री त्याच्या खोलीत कोणीतरी झोपावे आणि दाराची आतली कडी लावली जाऊ नये. ही सोबत पहाऱ्यासारखी वाटू नये, यासाठी पाळ्या वाटून घ्याव्यात. एकट्या आईवर हे सगळे टाकले तर चौथ्या दिवशी ती थकून जाते आणि तेव्हाच डोळा लागतो.

पाचवी पायरी: एका कागदावर लिहिलेली योजना

मुलगा शांत असताना त्याच्यासोबत बसून, त्याच्याच अक्षरात, एक साधी यादी करावी. विचार वाढू लागले की आधी काय जाणवते, ते पहिल्या ओळीत यावे, उदाहरणार्थ ‘रात्री अकरानंतर टेस्टचे मार्क बघत बसतो, छाती भरून येते’. त्याखाली स्वतःला करता येण्याजोग्या दोनतीन गोष्टी असाव्यात: तोंडावर गार पाणी मारणे, खोलीबाहेर येऊन हॉलमध्ये बसणे, एखादे ठरलेले गाणे लावणे. मग ज्यांच्याकडे नुसते जाऊन बसता येईल अशी माणसे आणि जागा: मेसवाल्या काकू, अभ्यासिका, मित्राचे घर. त्यानंतर ज्यांना ‘आत्ता मला वाईट विचार येत आहेत’ असे स्पष्ट सांगता येईल अशा तिघांची नावे आणि फोन क्रमांक, त्याखाली डॉक्टरांचा क्रमांक आणि १४४१६, आणि सर्वांत शेवटी जगावेसे वाटायला लावणारी एखादी गोष्ट. ती क्षुल्लक वाटली तरी चालेल. ‘आमची मोती वाट बघते’ असे कोणी लिहिले तर त्यावर हसू नये.

या कागदाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये आणि दुसरी प्रत तुमच्याकडे असावी. ज्यांची नावे लिहिली त्यांना ती लिहिल्याचे आधी सांगितलेले असावे, नाहीतर रात्री दोनला फोन वाजतो आणि समोरचा तो उचलत नाही.

सहावी पायरी: उपचारापर्यंत पोहोचणे

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची बाह्यरुग्ण सेवा असते आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही ती मिळते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, परंतु बहुतेक मुलांना तेथे भरती होण्याची गरज पडत नाही. तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन ‘याच्या मनात जीव देण्याचे विचार आहेत’ हे वाक्य जसेच्या तसे सांगावे. ‘अशक्तपणा आहे’ असे सांगितले तर टॉनिक मिळते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानसवर फोन केला की भाषा निवडता येते, प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज असेल तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे, आणि घरातच मारहाण किंवा अत्याचार होत असेल तर तोच आधी लावावा.

पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे प्रयत्नानंतर मुलाला रुग्णालयात न्यायला उशीर करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. उलट तिची काळजी व उपचार यांची जबाबदारी सरकारवर येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेचे कलम ३०९ घेतलेलेच नाही. रुग्णालयात नोंद होईल, पोलीस येऊन जबाब घेतील, पण त्यासाठी मुलाचा जीव पणाला लावू नका.

गोळ्या सुरू झाल्या तर पहिले काही आठवडे अधिक सावध राहावे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पंचविशीच्या आतल्या काही तरुणांमध्ये सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता किंवा तसे विचार वाढू शकतात. असे दिसले तर गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. गोळ्यांची पट्टी मुलाकडे न ठेवता मोठ्यांनी ठेवावी. कोणाला कुलदैवताला जायचे असेल, दर्ग्यावर चादर चढवायची असेल, तर त्यांनी जावे, फक्त डॉक्टरांची तारीख चुकवू नये. अंगात शिरले आहे म्हणून मुलाला मारणाऱ्या, उपाशी ठेवणाऱ्या माणसाच्या हाती मात्र त्याला कधीही देऊ नये.

निकालाचा दिवस

दहावी, बारावी किंवा नीटचा निकाल असेल तर तो लागण्याच्या आठवडाभर आधी घरात एकदा स्पष्ट बोलणे व्हावे: कमी पडले तर आपण काय काय करू शकतो? महाराष्ट्रात दहावी-बारावीला पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते, दहावीला एकदोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून पुनर्मूल्यांकनाला अर्ज करता येतो. हे सगळे निकालाच्या आदल्या आठवड्यात माहीत असलेल्या मुलाला वाट बंद झाल्यासारखे वाटत नाही. निकालाच्या वेळी त्याने एकटे असू नये. नातेवाइकांचे फोन त्या दिवशी मोठ्यांनीच घ्यावेत आणि मार्क सांगण्याची सक्ती मुलावर करू नये. त्या रात्रीही, आणि पुढचे दोन आठवडेही, जेवायला सगळ्यांनी एकत्र बसावे.

शाळा, क्लास आणि वसतिगृह

विशाखापट्टणम येथे नीटची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून बॅच वेगळ्या करू नयेत, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे आणि मदतीचे क्रमांक वसतिगृहात, वर्गात ठळक लावावेत, असे त्यांत म्हटले आहे. फी भरण्यापूर्वी पालकांनी या चार गोष्टी तोंडावर विचाराव्यात. समुपदेशकाचे नाव काय, तो कोणत्या दिवशी येतो आणि मुलाला रेक्टरची परवानगी न घेता त्याला भेटता येते का, याची उत्तरे मिळाली नाहीत तर समुपदेशक फक्त माहितीपत्रकात आहे असे समजावे.

शिक्षकाला शंका आली तर त्याने वर्गासमोर काही न बोलता मुलाला बाजूला घ्यावे, वर सांगितल्याप्रमाणे विचारावे आणि त्याच दिवशी घरी कळवावे. घरूनच त्रास असेल तर आधी समुपदेशकाशी किंवा १०९८ वर बोलावे. ‘उद्या पालकांना घेऊन ये, नाहीतर वर्गात बसू नकोस’ असे सांगून मुलाला एकट्याने घरी पाठवू नये.

मित्रांसाठी एकच सांगणे आहे. मित्राने रात्री ‘कोणाला सांगू नको’ म्हणून असे काही सांगितले, तर त्याच्याजवळ थांबा आणि त्याच रात्री एका मोठ्या माणसाला सांगा. तो काही दिवस तुमच्यावर चिडेल, तेवढे सहन करा. त्याला वाचवण्याची सगळी जबाबदारी सतरा वर्षांच्या खांद्यांवर नसते.

प्रयत्नानंतर, आणि मृत्यूनंतर

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात, आणि नेमके तेव्हाच भेटायला येणारे थांबतात. डॉक्टरांची पुढची तारीख घरी निघण्याआधीच घ्यावी, ती आठवड्याच्या आतली असावी. शाळेत परतताना काय सांगायचे ते मुलाने ठरवावे. ‘आजारी होतो’ एवढे उत्तर पुरेसे आहे. ‘पुन्हा असं करणार नाहीस ना?’ हा प्रश्न रोज विचारण्याऐवजी ‘आज विचार आले होते का, किती वेळ राहिले?’ असे विचारावे, म्हणजे त्याला खरे सांगता येते.

एखाद्या शाळेत किंवा वसतिगृहात मृत्यू झाला असेल तर वर्गाला ती बातमी वर्गशिक्षकाने लहान गटात, साध्या शब्दांत द्यावी. पद्धतीचे, जागेचे वर्णन करू नये, एका कारणावर बोट ठेवू नये आणि गेलेल्या मुलाला दोषही देऊ नये, थोरही ठरवू नये. मोठे फलक आणि सभा टाळाव्यात, कारण त्याच अवस्थेत असलेल्या दुसऱ्या मुलावर त्यांचा परिणाम होतो. जवळचे मित्र, ज्याच्याशी शेवटचे भांडण झाले तो, आणि आधी कधी प्रयत्न केलेली मुले यांची यादी त्याच दिवशी करून प्रत्येकाशी दोन दिवसांत कोणीतरी स्वतंत्रपणे बोलावे, आणि महिनाभराने पुन्हा बोलावे. चिठ्ठीचा फोटो, व्हिडिओ किंवा नाव ग्रुपवर आले तर ते पुढे न पाठवता ग्रुपच्या ॲडमिनला काढायला सांगावे आणि त्याच ग्रुपवर १४४१६ हा क्रमांक टाकावा.